झोपलेला चाफा

गच्चीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. पिंपातल्या वाळक्या चाफ्याला कोंब फुटले होते आणि राख लावून चमत्कार करणारे बाबा गर्जत होते, "गेलेला धनी या झाडात परतला! कशानं? माझ्या राखेनं!"

ज्यांचा हा चाफा, त्या शिवणकाम करणाऱ्या काकू कठड्याला टेकून ऐकत होत्या. थंडीच्या तोंडावर त्यांचा नवरा गेला आणि त्याच सुमारास चाफ्याची पानं गळली. घर खायला उठायचं. आता माणसं येत, चहा घेत, त्यांना भाग्यवान म्हणत. सगळे पांगले की काकू झाडाशी बोलत बसत.

खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका मध्यंतरी येऊन म्हणाल्या होत्या, "काकू, शाळेच्या कुंपणालगतचा चाफाही फुटलाय. त्याला कुणी राख लावली?" काकूंनी दार लावून घेतलं होतं.

तेवढ्यात एक बाई पुढे झाली. कडेवरची मुलगी तापानं फणफणली होती.

"औषधं बंद कर," बाबा म्हणाले. "झाडाखाली निजव."

काकू कठडा सोडून पुढे आल्या.

"बाबा, पलीकडच्या गल्लीतला चाफा का नाही जगवलात?"

"तिथं श्रद्धा नव्हती!"

"तिथली फांदी तुम्ही माझ्यासमोर दाबून पाहिलीत, तशी माझ्याकडचीही. तिथली पिचपिचीत लागली, कुजलेली. माझ्याकडची टणक होती. म्हणून इथं राख लावलीत आणि तिथं श्रद्धा नाही म्हणालात!"

कोंब न फुटलेली एक फांदी धरून त्यांनी नखानं साल खरवडली. आत हिरवंगार. पांढरा चीक ओघळला.

"हा मेलाच नव्हता. थंडीत झोपतो, ऊब लागली की उठतो." त्या मुलीच्या आईकडे वळल्या. "गेलेलं माणूस परत येत नाही हो. पोरीला घेऊन दवाखान्यात चला, मी येते बरोबर."

बाबांनी शाप देत गाशा गुंडाळला. मुलगी औषधानं बरी झाली. काकूंकडे मात्र कुणी फिरकेना.

"गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" शेजारीण म्हणाली. "चार माणसं येत होती."

"पोर हातची गेली असती. कुणी चमत्कार दाखवला ना, की एवढंच विचारायचं, हे त्याच्याशिवाय झालं नसतं का?"

शेजारीण गेली. कोंबांची पानं झाली होती, म्हणजे आता खत चालणार होतं. काकूंनी माती उकरून मूठभर खत मिसळलं, बेतानं पाणी घातलं. पिंपात नवरा नव्हता. नुसता चाफा होता.