आधी खोड सांगावी

त्र्यंबकरावांनी अर्जाचा तिसरा कागद चुरगाळला आणि चौथा पुढ्यात ओढला. 'कंपनी-कायद्याचा नऊ वर्षे अभ्यास केला आहे,' हे वाक्य खरंच होतं. मुंबईहून निकालपत्रं मागवून त्यांनी जव्हारात बसल्या बसल्या शेअरांच्या कायद्यावर चारशे पानं लिहिली होती. पण उभ्या जन्मात एकही कंपनी आतून पाहिली नव्हती. जव्हारच्या त्या डोंगराळ संस्थानात कंपनी कुठली असायला?

मुंबईच्या एका कायद्याच्या मासिकाला साहाय्यक संपादक हवा होता, कंपन्यांचा कारभार जाणणारा. त्या जागेसाठी त्र्यंबकरावांचा जीव नुसता तुटत होता. इथे शेअर म्हटलं की लोक तोंडाकडे बघत. त्यांच्या पत्नी गौराबाईंचं तर माहेरच मुंबईत, गिरगावात. सकाळीच त्या म्हणाल्या होत्या,

"कंपनी पाहिली नाही, हे त्यांनी विचारलंय का? मग कशाला सांगता?"

एवढ्यात दाभोशाच्या पाड्यावरची फागी ओट्याशी आली. तिला बैल विकायचा होता, त्याचा कागद लिहून हवा होता. घेणारा पोश्या अंगणात बैलापाशी उभा होता.

"लिव दादा, चिखलनीला हा मधीच बसतो."

"अगं, असं कोण लिहितं? रंग लिहू, वय लिहू. भाताच्या चिखलात नांगर ओढताना बसतो का, हे त्यानं विचारलंय?"

"नाय इचारला. म्हून तं मला सांगाया लागंल. आमच्यात बैलाच्या पाठीवर हात ठेवून पयली खोड सांगत्यात. गुन काय, दिसतातच."

त्र्यंबकरावांनी तसंच लिहिलं आणि वाचून दाखवलं. पोश्यानं बैलाकडे पाहिलं, नकारार्थी मान हलवली आणि बैल न घेता एकटाच मोखाड्याच्या वाटेला लागला. फागीनं बैल झाडाला बांधला आणि सोबत आणलेली नाचणी घेऊन ती आत गौराबाईंकडे गेली.

शेअर विकणाऱ्यानं घेणाऱ्याला काय काय सांगावं, यावर त्र्यंबकरावांचं अख्खं प्रकरण होतं. 'न विचारलेलं झाकणं हेही फसवणंच,' असं त्यांनी त्यात ठणकावून लिहिलं होतं आणि आठवडाभर स्वतःवर खूश होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान! त्यांनी टाक दौतीत बुडवला. 'कंपनीचा कारभार मी प्रत्यक्ष कधीही पाहिलेला नाही,' एवढीच ओळ, पण ती लिहिताना त्यांना अक्षरशः घाम फुटला.

लखोटा घेऊन डाकवाला निघाला. त्याला हाक मारावी, धावत जाऊन लखोटा हिसकावून घ्यावा, असं त्यांना वाटत होतं. तो वळणाआड जाईपर्यंत ते ओट्यावर उभे होते.

गौराबाई दाराशी आल्या.

"गेला अर्ज?"

"गेला."

"सगळं लिहिलंत?"

"सगळं."

गौराबाईंचे डोळे भरून आले, ते त्यांनी पदरानं टिपले. मग आत वळून म्हणाल्या,

"फागी, पुढच्या खेपेला नाचणी जास्त आण गं. आम्हाला पावसाळाभर पुरेल एवढी."