रुपालीचा एकशे बारावा प्रयोग

कापसानं अख्ख्या यवतमाळ जिल्ह्याच्या तोंडचं पाणी पळवलं होतं, त्या दोन हजार सहा सालची ही गोष्ट. राळेगावचे चारुदत्त मास्तर पथनाट्य घेऊन गावोगाव फिरत. एका संस्थेनं काम दिलेलं. दिवसाला तीन खेळ. नाटकाचा उपदेश एकच : मनात कोंडू नका, बोला!

त्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या विधवेचं काम रुपाली करायची. वय चोवीस. ती हंबरडा फोडायची आणि पारावरची माणसं हळहळायची. खेळ संपला की बाया तिला घरी न्यायच्या आणि आपलं खरं दुःख तिच्यापुढे मोकळं करायच्या. ती सगळं ऐकून घ्यायची. तिचं ऐकणारं मात्र कुणी नव्हतं.

एकदा जीपमध्ये ती म्हणाली, "सर, खेळ संपते तरी मले रडणं आवरत नाही. जेवण जात नाही. जीव नकोसा होते."

"अवं, हेच तं पाह्यजे!" मास्तर खूश झाले. "म्हणूनच लोकायले खरं वाटते."

काय म्हणावं या माणसाला!

खेळानंतर दोन शब्द बोलायला समुपदेशक कुंदाताई सोबत असायच्या. त्यांनी हे ऐकलं आणि पुढच्या गावी मास्तरांना बाजूला घेतलं. "हिला दर गुरुवारी माझ्याकडे पाठवा. आम्ही बोलू. झोपेसाठी श्वासाचे व्यायाम करू, मनातलं लिहून काढू, खेळ संपल्यावर भूमिका अंगावरून उतरवायची कशी तेही शिकू. एकाच पद्धतीनं सगळ्यांचं भागत नाही. लागलं तर डॉक्टरांना दाखवू."

"पोरगी पागल आहे काय?" मास्तर उखडले. "आन तिचं रडणं थांबलं तं माह्या नाटकात उरलं काय?"

"मास्तर, तिचा जीव जाईल हो अशानं!"

मास्तरांनी रुपालीला हाक मारून जीपमध्ये बसायला सांगितलं. ती जाऊन बसली.

मुकुटबनला एकशे बारावा प्रयोग होता. रुपालीनं हंबरडा फोडला. टाळ्या पडल्या. पुढचं वाक्य तिला येईना; ती जमिनीवर कपाळ आपटू लागली. टाळ्या आणखी वाढल्या! मास्तर कडेला उभे राहून मान डोलवत होते.

तेवढ्यात गर्दीतून तुळसाबाई उठली. तिचा नवरा वर्षापूर्वीच गेलेला. तिनं रुपालीचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडली, "बंद करा, मास्तर! पोरगी खरंच रडून राह्यली, दिसत नाही काय तुमाले? मी रडत होती, तवाबी सारं गाव असंच उभं राहून पाहे!"

टाळ्या थांबल्या. रुपालीच्या कपाळावरचं रक्त पाहून मास्तरांना स्वतःचीच किळस आली. एका जित्या पोरीचे हाल आपण शंभरदा लोकांना दाखवले, आणि वर शाबासकी घेतली!

त्याच दुपारी त्यांनी तिला कुंदाताईंच्या हवाली केलं. दोन गुरुवार ती नुसती बसून राहिली, तिसऱ्या गुरुवारी बोलू लागली. सहा महिन्यांनी तिला झोप लागू लागली. नाटकात मात्र ती परत आली नाही. मास्तरांनी संस्थेला कळवलं, कलावंतांसाठी समुपदेशन असेल तरच पुढचे खेळ करू. संस्थेनं काम दुसऱ्या मंडळाला दिलं. त्यांच्याकडची मुलगी म्हणे रुपालीहून छान रडते.

वाचकहो, ती मुलगी उद्या तुमच्या गावात येईल. खुशाल टाळ्या वाजवा. पण कलावंत पिळला गेला तरच खरी कला निघते, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. खेळ संपल्यावर तिच्याजवळ बसा. जेवण जातं का, झोप लागते का, विचारा. गरज दिसली तर तिला समुपदेशकाकडे न्या, आणि न्यायच्या आधी तिला वेडी ठरवू नका.