दोराला हात कळतात

“गो जानके, पीळ घट घाल! हो दोर म्हशीक बांधूचो नाय, दर्याक बांधूचो आसा!”

मित्रांनो, जगात आल्यावर मी ऐकलेला हा पहिला आवाज. तो ईडाचा होता. खाडीच्या चिखलात कुजवलेली नारळाची सोडणे बडवून ईडा आणि तिची शेजारीण जानकी काथ्या पिळत होत्या. ईडा दटावायची, जानकी खुदुखुदु हसायची. दोघींच्या तळहातांची साल निघाली आणि माझी लांबी वाढत गेली. मी एक जुना काथ्याचा दोर आहे. मालवणच्या किनाऱ्यावरच्या रापणीचा दोर! हे सांगताना आजही माझा पीळ आणखी घट्ट होतो.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे थोरले जाळे. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते, दोन टोकांचे दोन दोर वाळूवर येतात आणि मग सारा गाव ते ओढतो. ज्याचा हात दोराला लागला, त्याला मासळीचा वाटा मिळतो. मग तो कुणीही असो. म्हणून माझ्या अंगावरून जेवढ्या तऱ्हेची माणसे गेली, तेवढी कुणा राजाच्या दरबारातही गेली नसतील.

चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. मी माणूस ओळखतो तो हातावरून. हिसके देणारा हात वेगळा. कुणी बघत असेल तेवढाच वेळ ताठ होणारा हात वेगळा. गाणाऱ्याचा हात सुरासारखा आवळतो आणि सुटतो. हल्ली पाहुण्यांचे हातही येतात, मऊमऊ, साबणाच्या वासाचे. फोटो निघाला की ते निघाले! मी रागावत नाही. तेवढ्या घडीपुरते तेही माझेच.

आणि एक असतो धरणारा हात.

लाट इली, ओडा रे,
लाट फिरली, धरा रे!

लाट आत येते तेव्हा सगळे ओढतात. पण ती माघारी फिरते तेव्हा समुद्र ओढू लागतो. त्या वेळी वाळूत टाचा रोवून कुणीतरी मला नुसते धरून ठेवावे लागते. बघणाऱ्याला वाटते, हे माणूस काहीच करत नाही. मला विचारा ते काय करते!

पुढे नायलॉनचे दोर आले. मी खोपीमागे पडलो. माझ्या वेटोळ्यात कोंबडीने अंडी घातली, पिल्ले काढली. त्यांनाही मी नीट सांभाळले हो! पण ओल्या हातातून नायलॉन सुळकन निसटू लागला, तेव्हा ईडाच्या मुलाला, क्रिस्टोफरला, माझी आठवण झाली. तो रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. त्याने मला धुतले, वाळवले आणि नव्या दोराच्या किनाऱ्याकडच्या टोकाला मानाने जोडले.

क्रिस्टोफरची मुलगी स्टेला. लहानपणापासून ती माझ्या शेपटाशी, सगळ्यांच्या मागे उभी राहायची. बोलणे कमी, पकड अशी की माझा धागा न धागा निर्धास्त व्हावा. यंदा क्रिस्टोफरचा खांदा निकामी झाला. आता रापण कुणी सांभाळायची, हा प्रश्न आला. स्टेलाला ती सांभाळायची होती. तिने कुणाला सांगितले नव्हते, पण माझ्यावरची तिची बोटे मला सांगत होती.

अशात तिच्या मोबाईलवर एक चाचणी आली. प्रश्नांची उत्तरे द्या आणि तुम्ही कोणत्या प्रकारचे माणूस आहात ते जाणून घ्या! जाळे शिवता शिवता सगळ्यांनी ती दिली. दणकट आवाजाच्या बाबलीकाकांचे उत्तर आले, ‘जन्मजात नेता’.

“आयकलास?” काका छाती फुगवून म्हणाले. “मोबाईल सांगता, मी नेता!”

“घरात काकी सांगता ता खरा,” रापण ओढणाऱ्यांतली समीक्षा म्हणाली आणि सगळे हसले.

स्टेलाचे उत्तर तिने हळू आवाजात वाचले. “शांत स्वभाव. मागे राहणे पसंत. पुढारपण झेपत नाही.” वाचून तिने बापाकडे पाहिले. क्रिस्टोफर मान खाली घालून जाळ्याची गाठ मारत राहिला. पोरीने काय समजायचे ते समजून घेतले. दुसऱ्याच दिवशी कुडाळच्या एका कारखान्यातली नोकरी तिने पत्करली.

निघायच्या आदल्या सकाळी जाळ्यात तारली मासळीचा मोठा थवा शिरला. बाबलीकाका पुढे झाले. “ओडा! ओडा! ओडा!” लाट येवो की फिरो, काकांचे आपले ओडा! आमचा दोर पुढे धावला, दुसरा मागे राहिला. जाळ्याचे तोंड तिरके झाले. फिरत्या लाटेने मला असा हिसका दिला की माझा एक पीळ तटकन तुटला. अजून एक हिसका आणि मासळीसकट जाळे गेलेच असते.

तेवढ्यात शेपटाकडून पकड आली. स्टेलाने टाचा रोवल्या होत्या.

“धरा!” ती म्हणाली. ओरडली नाही, म्हणाली. “समीक्षा, तू आणि पाहुणे हयसून धरा. बाबलीकाका, तुमचो आवाज माका होयो. पण मी हात वर केल्यार.”

“आणि नेता कोण मगे?”

“तुमीच. पण आता आयका.”

काका हसले आणि ऐकले. स्टेलाचा हात वर झाला की काकांची आरोळी दोन्ही दोरांपर्यंत पोचायची. हिसक्याचे हात, गाण्याचे हात, फोटोचे हातसुद्धा एका तालात आले. आणि मला नवलच कळले. धरणारी स्टेला ओढत होती, आणि ओरडणारे काका फिरत्या लाटेला गप्प राहून धरत होते! तुटल्या पिळानिशी मी सगळे जाळे वाळूवर आणले. चांदीचा ढीग पडला. तेव्हा मला जो अभिमान वाटला, तो कुठल्या नव्या दोराला वाटणार!

मित्रांनो, दोराला गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, तुटला पीळ वेळीच जोडा. आणि माणूस कोणत्या जातकुळीचे हे ठरवायची घाई करू नका. एकाच हातात अनेक हात असतात. वेळ आली की ते उघडतात. फक्त जवळच्या माणसाने चांगले शब्द मनात दाबून ठेवू नयेत. तेही ओल्या काथ्यासारखे आत कुजतात.

वाटे झाले, माणसे पांगली. क्रिस्टोफर माझा तुटलेला पीळ जोडायला बसला. दुखऱ्या खांद्याने जोर लागेना, म्हणून स्टेलाने दुसरे टोक धरले. तो पीळ गुंफत गेला. मग माझ्याकडेच बघत म्हणाला,

“तू मागे धरून आसायचंस, म्हणान मी म्होरे उभो रवत होतंय, बाय. पयल्या दिसापासून माका ठावक होता. मुद्दाम बोलूक नाय. बोललंय असतंय तर तू हयच रवलं असतंस, आणि माका तुझ्यासाठी सावलीतली नोकरी होयी होती. आता उद्या जा, नायतर रव. तुझी मर्जी. पण ह्या आयकान जा. तुझ्यासारखो तांडेल ह्या रापणीक मिळूचो नाय.”