लाभक्षेत्रातलं घर

"आजपासून या डोंगरावर एकही माणूस गरीब राहिलेला नाही!"

बिअरच्या उपड्या क्रेटवर उभं राहून वस्ती समितीचे अध्यक्ष एराक्लिओ यांनी ही घोषणा केली आणि टाळ्यांसाठी हात वर करून थांबले. टाळ्या आल्या नाहीत. लाउडस्पीकर अवोकाडोवाल्याच्या गाडीवरून मागून आणलेला होता. अध्यक्ष गप्प झाले असं पाहून तो आपल्या नेहमीच्या कामाला लागला : "अवोकाडो! लोण्यासारखे अवोकाडो! आज खायचे वेगळे, उद्या खायचे वेगळे!"

फुटबॉलच्या मैदानात शंभरेक माणसं जमली होती. त्यातलं एकही हसलं नाही. यावरून ती किती घाबरलेली होती हे कळावं.

आनातिल्देनं हातातल्या पत्राला आणखी एक घडी घातली. आता ते काडेपेटीएवढं झालं होतं. पत्र पालिकेचं होतं, घरोघर आलं होतं, आणि त्यात पालिकेनं सगळ्यांचं अभिनंदन केलं होतं. आपली मालमत्ता लाभक्षेत्रात येते, असं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. या डोंगराला पालिकेनं आजवर पाण्याचे टँकर पाठवले होते, नोटिसा पाठवल्या होत्या, एकदा पोलिसही पाठवले होते. अभिनंदन पहिल्यांदाच आलं होतं. म्हणून तर तिनं पत्र पाठपोट वाचून काढलं होतं.

रोपवे वस्तीनंच मागितला होता. वीस वर्षं मोर्चे काढून, रस्त्यावर टायर जाळून. आता खांब उभे राहिले होते आणि बेकरीच्या कोपऱ्यावर स्टेशन उठत होतं. स्टेशन झालं की आसपासच्या घरांच्या किमती चढणार, आणि चढणाऱ्या किमतीतला हिस्सा घरमालकांनी आधीच पालिकेला द्यायचा. त्यातून रोपवेचा खर्च भागायचा. पालिका याला कर म्हणत नव्हती. वर्गणी म्हणत होती. वर्गणी न देणाऱ्याच्या घरावर जप्ती येऊ शकते, हे पत्राच्या पाठीमागे बारीक अक्षरांत होतं.

"घाबरायचं कारण नाही," लाउडस्पीकरचं तोंड दाबून एराक्लिओ म्हणाले. "गुरुवारी पालिकेचे डॉक्टर येतील. प्रत्येक घर बघतील आणि शेरा देतील. उत्तम, साधारण, नाहीतर मोडकळीस आलेलं. मोडकळीस आलेल्याला वर्गणी माफ."

डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत. या शहरात ज्याच्या गळ्यात टाय असतो त्याला डॉक्टर म्हणतात.

"आत घेतलंच नाही त्याला, तर?" मागून कोणीतरी विचारलं.

"तर आपोआप उत्तम."

"मेलो!" तोच आवाज म्हणाला.

आनातिल्देला तिची मावसबहीण एदेल्मिरा आठवली. पलीकडच्या डोंगरावर असंच पत्र तीन वर्षांपूर्वी आलं होतं. डॉक्टर येणार म्हणून एदेल्मिरानं घराला रंग दिला, दारात फुलं लावली, जेवू घातलं. शेरा मिळाला उत्तम. पहिला हप्ता थकला, दुसरा थकला, मग छान छान चित्रांचं पुस्तक घेऊन एक हसरा माणूस आला आणि त्यानं घर विकत घेतलं. आता एदेल्मिरा खाली उकाड्याच्या गावात, जावयाच्या गॅरेजमागच्या खोलीत राहते. फोनवर फक्त हवेबद्दल बोलते.

पुढचे तीन दिवस सान इसिद्रो वस्ती जिवाच्या कराराने कुरूप झाली. खिडक्यांतली जिरेनियमं कुंड्यांसकट पलंगाखाली गेली. पडदे उतरले. मास्तरीणबाईंनी नव्या फरशीवर चिखल आणून ओतला आणि तो नीट बसेना म्हणून त्यांना रडू कोसळलं. एराक्लिओंनी स्वतःच्या दर्शनी भिंतीवर फुटका कमोड टांगला होता. तो तिथं कशासाठी असू शकतो हे कोणालाच सांगता येईना, पण बघून घराबद्दल वाईट वाटायचं एवढं खरं.

आनातिल्देच्या घरात मात्र वेगळीच अडचण होती. ते घर तिच्या नवऱ्यानं बांधलेलं होतं.

ओतोनिएल गवंडी होता. आयुष्यभर श्रीमंतांच्या भागात दुसऱ्यांची घरं बांधली आणि रविवारी रविवारी आपलं. सगळा डोंगर त्याला मिस्त्री म्हणायचा. एकतीस वर्षांत दोन मजले झाले होते. शेजाऱ्यांनी एवढ्यात चार चढवले आणि त्यातले दोन कलले.

"अहो, ती शेगडी भिंतीकडे सरकवा. काळी पडू दे जरा."

"त्या भिंतीला मी कधी पाठ टेकवून बसलो नाही. डाग पडेल म्हणून."

"म्हणूनच सांगते. आता टेका."

तो जिन्यावर बसून राहिला. तिनंच शेगडी सरकवली, तिनंच जिना खरवडला, शेजारणीच्या दोन कोंबड्या उसन्या आणून वरच्या खोलीत सोडल्या आणि कोरड्या छताखाली पाणी भरलेलं घमेलं ठेवलं. तो नुसता बघत होता. खरवडण्याचा आवाज झाला की डोळे मिटून घ्यायचा.

गुरुवारी सकाळी तिनं त्याला खाटेवर झोपवलं आणि हनुवटीपर्यंत पांघरूण ओढलं.

"तुम्ही आजारी आहात."

"काय झालंय मला?"

"ते मागाहून ठरवू. दिव्य बाळ येशूची शपथ घ्या, एक शब्द बोलणार नाही म्हणून."

"श्वास घेऊ?"

"नाकानं."

डॉक्टर आले ते धुक्यातून, चिखलात घोट्यापर्यंत बरबटलेले. बार्रागान त्यांचं नाव. ताडमाड उंच, वाकलेला, थंडीनं नाक लाल झालेला माणूस. हातात कागद लावलेली पाटी, पेनाला दोरी बांधलेली. दारातून आत येताना त्यांनी सवयीनं डोकं खाली घातलं. चौकट उंच होती, घालायची गरज नव्हती. त्यांनी वर चौकटीकडे पाहिलं.

तिनं गुळाचं गरम पाणी पुढे केलं. बरोबर चीज द्यायची रीत. द्यावं तर घर खातंपितं दिसणार, न द्यावं तर माणूस चिडणार. तिनं नखाएवढा तुकडा दिला. डॉक्टरांनी तो बशीत थोडा शोधला आणि खाल्ला.

"वर बघायचं?"

"बघा ना डॉक्टर. सांभाळून हं. पडेल एखादवेळी."

"कोण?"

"घर."

वरच्या खोलीत कोंबड्यांनी त्यांचं स्वागत केलं. त्यांनी घमेल्याकडे पाहिलं, मग छताकडे, मग परत घमेल्याकडे.

"गळतं वाटतं?"

"धो धो."

"छताला डाग दिसत नाही कुठं."

तिनं पायानं घमेलं थोडं सरकवलं.

"हळूच गळतं, डॉक्टर."

डॉक्टरांनी काही लिहिलं. काय लिहिलं ते दिसेना. खाली येताना ते भिंतीवर बोटांची पेरं आपटत होते. एकदा आपटलं, थांबले, पुन्हा आपटलं. नारळ घेताना माणूस करतो तसं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्यांनी तळहात भिंतीला लावला आणि तसाच ठेवला.

"कोणी बांधलंय हे?"

हा प्रश्न कागदावर नव्हता. एराक्लिओंनी सगळे प्रश्न पाठ करून घेतले होते; नळ किती, खोल्या किती, धंदा काही करता का. हा त्यांत नव्हता. आनातिल्देला गॅरेजमागची खोली दिसली, तिच्यात एदेल्मिरा, आणि एदेल्मिराच्या शेजारी दुसरी खाट.

"कोण जाणे बाई," तिचा आवाज नको तेवढा मोठा निघाला. "होता कोणीतरी दारुडा. सकाळपासून झिंगलेला असायचा. भिंती बघा ना, सगळ्या वाकड्या. धड एक कोपरा जुळत नाही. पैसे घेऊन पळाला मेला."

वरच्या खोलीत कोंबडीनं पंख झाडले. कोपऱ्यातल्या खाटेकडे पाहायचं तिनं टाळलं. पाहिलं डॉक्टरांनी.

"हे कोण?"

"माझा नवरा. आजारी आहे."

"काय होतंय?"

मागाहून ठरवायचं ते ठरवायचं राहिलं होतं.

"पोट," ती म्हणाली.

नेमकं त्याच वेळी पांघरूण खोकलं.

डॉक्टरांनी पांघरुणाकडे पाहिलं. मग त्यांनी पाटी हातावर तोलली, पेनाला झटका दिला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं : "मोडकळीस आलेलं." तिनं खाली सही केली. सही वेडीवाकडी आली. ती काही मुद्दाम केलेली नव्हती.

दार लागलं. आनातिल्दे जिन्यावर बसली आणि तोंडात एप्रन कोंबून हसली की रडली हे तिचं तिलाच कळलं नाही. वाचलो. छप्पर आपलं, जिना आपला, जिरेनियमं संध्याकाळपर्यंत खिडकीत परत.

"अहो, उठा आता," ती म्हणाली. "गेले ते."

पांघरूण हललं नाही.

"रागावलात? अहो, भीतीनं बोलले मी. तुम्हाला नाही बोलले."

ती कोणाला बोलली होती याचा तिनं विचार केला, आणि उठून पांघरूण ओढलं. खाली उशी होती. मागचं दार उघडं होतं आणि खुंटीवरचा रुआना, त्याची अंगावर घ्यायची लोकरी घोंगडी, नव्हता.

ती सपाता न घालता धावली. घराला वळसा घालून दरीकडच्या कोपऱ्यावर पोचली आणि तिथंच भिंतीला धरून उभी राहिली. ओतोनिएलनं डॉक्टरांना गाठलं होतं. घराच्या मोठ्या, खिडकीच्या भिंतीखाली दोघं समोरासमोर उभे होते. हा रुआना आणि टोपी घालून, आणि डॉक्टर हातात पाटी घेऊन. कागद वर होता. पेन उघडं होतं. धुक्यात वरून रोपवेचा रिकामा पाळणा चाचणीसाठी सरकत गेला आणि दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

तिला ओरडायचं होतं. आता सांगणार हा. तीन दिवस जपलं, कोंबड्या आणल्या, घमेलं भरलं, आणि 'दारुडा' या एका शब्दावरून हा मेला मिस्त्री सगळं ओकून टाकणार. छत गळत नाही म्हणणार. पाया सात फूट आहे म्हणणार. तेही त्याच्या त्या खणखणीत आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. एका खिडकीत मास्तरीणबाईंचं डोकं दिसलं आणि घाईनं आत गेलं.

"तुम्ही आजारी होतात ना?" डॉक्टर विचारत होते.

"आहे ना. पोटाचा खोकला आहे."

"असं."

"लिहिलंय ते राहू द्या, डॉक्टर. खोडाखोड नको. बायको फार घाबरलीय. मीही घाबरलोय, पण मी पडून घाबरत होतो, म्हणून दिसलं नाही."

डॉक्टरांनी पेन मिटलं. मग भिंतीकडे पाहिलं. खालून वर, अगदी वरपर्यंत, मान दुखेल इतकं.

"मग काय हवंय तुम्हाला?"

ओतोनिएलनं रुआनाखालून हात बाहेर काढला. मुठीत भिंत सरळ आहे की वाकडी ते बघायचा एक पितळी ओळंबा होता, त्याला गुंडाळलेली सुतळी मळून काळी झालेली. कोपऱ्यावर उभी असलेली आनातिल्दे त्याला दिसली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. हळूहळू त्यानं सुतळी सोडवली आणि तिचं टोक डॉक्टरांच्या हातात दिलं.

"माझा हात आता खांद्याच्या वर जात नाही," तो म्हणाला. "तुम्ही उंच आहात. हे जरा तिथं, खिडकीच्या कोपऱ्याला लावून धरता?"