डावीकडचे ठिपके

तिचा नवरा पिऊन कड्यावरून पडला, असं डोंगरावरच्या रानाचा ठेकेदार म्हणाला आणि अख्ख्या गल्लीने माना डोलावल्या. मेलेल्या माणसाला काय, काहीही चिकटवा! बेकरीत भट्टीवर राबणाऱ्या त्या माणसाला दारूच्या वासानेच मळमळायचं. शिखरावरच्या देवाला जाऊन उतरताना तो नेमका कुठे चुकला, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला ती दिराला घेऊन डोंगर चढली.

दीर ठेकेदाराकडे रंगारी. वाटेतल्या झाडांवरचे लाल ठिपके त्यानेच काढलेले. माणसं ते बघतच चढायची, ते बघतच उतरायची.

"वहिनी, दमलात? खांद्यावर घेऊ?"

"आधी स्वतःचं पोट उचला, भाऊजी."

भावाच्या मातीला जाऊन आल्यापासून गप्प असलेला दीर आज भलताच बडबडत होता. शिखरावर धुकं असं दाटलं, की दहा पावलांपलीकडे रानच उरलं नाही. उतरताना वाटेला फाटा आला. ठिपके दोन्हीकडे. दीर मान वर न करता उजवीकडे वळला.

ती जागीच थांबली. "डावीकडेही ठिपका आहे. तुम्हाला कसं कळलं कुठे वळायचं?"

"ती तोडायची झाडं आहेत, वहिनी. त्यांच्यासाठी मी पांढरा रंग मागितला होता. ठेकेदार म्हणाला, झाडाला काय कळतंय, आहे तोच डबा संपव."

डावीकडचे ठिपके कड्यापर्यंत गेले होते. इतके नीटनेटके, की कुणीही डोळे झाकून मागे जावं.

"आणि म्हणून माझा नवरा बेवडा?"

"माझं काम जाईल हो..."

"उद्या हेच गल्लीसमोर बोलायचं. तुमच्या सख्ख्या भावासाठी."

त्याने रडत रडत आईची शपथ घेतली. तिने विश्वास ठेवला. रडणाऱ्या पुरुषावर बाई ठेवतेच, तिथेच माती खाते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गल्लीतल्या चारचौघांना घेऊन फाट्यावर पोचली. डावीकडे नुसते बुंधे. ताजे, ओले. ओंडके कड्याखाली लोटलेले. दीर आधीच तिथे, ठेकेदाराच्या शेजारी उभा.

"कुठे आहेत डावीकडचे ठिपके?" चारचौघांतला शिंपी म्हणाला.

"भाऊजी, बोला!"

"वहिनींना धक्का बसलाय," दीर हळूच म्हणाला. "दादा प्यायला होता."

माना पुन्हा डोलल्या.

दिराच्या भुवयांवर लाकडाचा भुसा होता. तो तिला एकटीलाच दिसत होता असं नाही.