दर ओढीला एकच काम

मित्रांनो, मी एक जुनी हातप्रेस आहे, ओतीव लोखंडाची आणि लांब दांड्याची. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांची पुन्हा काडतुसं करायची, हे माझं काम. पण दांड्याच्या एका ओढीत माझ्याकडून एकच काम होतं. साचा बदलला, की पुढचं. म्हणून लोक मला मंद म्हणतात.

ऑरिन आणि व्हर्ना लग्न नवीन असताना मला घ्यायला आले होते. दुकानदार मोठी यंत्रं दाखवत होता. व्हर्नाने माझा दांडा ओढून पाहिला आणि म्हणाली, "हिच्यावर काय चाललंय ते दिसतं तरी."

अमेरिकेत, मोंटानातल्या त्यांच्या शेडमध्ये मी किती हिवाळे काढले! पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उघड्या तोंडाने उभ्या असत. बंदुकीची दारू भरून झाली, की ऑरिन टॉर्च धरायचा आणि सगळ्यांत दारू सारखीच आहे ना, हे बघायला व्हर्ना एकेकीत डोकावायची. गोळी बसवायची ती त्यानंतरच. तोवर रेडिओ बंद, बोलणं बंद.

मग ऑरिन गेला. त्यांच्या मुलाने, डेलमारने, एका ओढीत सगळी कामं करणारं फिरतं यंत्र आणलं. जुन्या सामानाच्या अंगणातल्या विक्रीसाठी मला बाकावरून उतरवून दाराशी ठेवलं, वॉफलच्या फुटक्या तव्याशेजारी. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. प्रत्येक पावलाला वाटे, आलं गिऱ्हाईक.

डोंगरावरची जांभळी रानफळं, हकलबेरी, पिकल्या. व्हर्ना डोंगरावर निघाली. बेरीला अस्वलंही येतात, म्हणून कमरेला रिव्हॉल्व्हर असतंच. डेलमारने तिच्या हातात काडतुसांचा डबा दिला.

"बघ आई, कॉफी संपायच्या आत डबाभर! मधेच एकदा अडकलं, पण दांडा वरखाली हलवला आणि सुटलं."

बुटाची नाडी बांधता बांधता व्हर्ना थांबली. "वरखाली? म्हणजे एखाद्या पुंगळीत दारू दोनदा पडली असेल."

"पडली असेल, नसेल. तू पण ना!"

"कुठल्या काडतुसात, ते सांग."

डेलमारने डब्यात पाहिलं. सगळी बंद, सगळी सारखी.

"ती जुनी उचल. बाकाला लाव."

"पूर्ण डबा उसवायचा? तोवर अस्वलं बेरी फस्त करतील!"

"करू देत. त्यांना पाई लाटायची नसते. मला बोटं लागतात, राजा."

मला पुन्हा बोल्ट लागले. दांडा गंजाने कुरकुरत होता. मी एकेक गोळी उपसत होते, व्हर्ना दारू बशीत ओतत होती. दरवेळी तेवढीच. डेलमारने रेडिओ लावला. "बघ, काही नाहीये."

तेवढ्यात एका पुंगळीतून दारू पडतच राहिली. बशीत दुप्पट ढीग झाला. ते काडतूस उडालं असतं, तर रिव्हॉल्व्हर तिच्या हातातच फुटलं असतं.

डेलमारने ढिगाकडे पाहिलं, मग आईच्या वाकड्या बोटांकडे. त्याने स्वतःच रेडिओ बंद केला.

मित्रांनो, माझ्यासारख्या मंद म्हाताऱ्यांना दाराशी काढू नका. अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि जे बंद झाल्यावर दिसणार नाही, त्यात आधी डोकावून पाहा.

आता पुंगळ्या पुन्हा ठोकळ्यात उभ्या आहेत. व्हर्ना वाकली आहे. टॉर्च डेलमारच्या हातात आहे, आणि तो एक शब्दही बोलत नाही.