दुखणं विझलं त्या सकाळी

सो नाइंगने शाळा सोडली, नावेवरचं काम सोडलं, बायको सोडली. दारू तेवढी सोडली नव्हती.



ध्यानाच्या शिबिरात नियम एकच. दुखलं तर हलायचं नाही. मनात नुसतं म्हणायचं, दुखतंय, दुखतंय. आणि बघत राहायचं.

मंडालेजवळच्या सागाइंगच्या टेकडीवर या दिवसांत पायऱ्या इतक्या तापतात की अनवाणी भिक्षू कडेकडेच्या सावलीतून चालतात.

खेमासारी तिथल्या आश्रमात भिक्षुणी होऊन भुवया पांढऱ्या होईतो राहिली होती. शिबिरात धाकटा भाऊ सो नाइंग बसला तेव्हापासून स्वयंपाकघरातून तिची नजर पुरुषांच्या सभामंडपाकडे असायची. उठला की गेला, हे तिला ठाऊक होतं.

जेवणाच्या रांगेत तो वाकून तिच्यापुढे आला.

"ताई, पोटात उजवीकडे कोणीतरी सुरी फिरवतंय."

"सुरी म्हणू नकोस. दुखतंय म्हण."

"नाव ठेवलं की जातं का ते?"

"तुला एवढी नावं ठेवली, तू कुठे सुधारलास? बस जा."

तो हसला आणि हसताना पोट धरलं. "आज उठू का? उद्या परत बसेन."

"उठलास की ताडीच्या गुत्त्यावर सापडशील. मला माहितीये तुझं उद्या."

तो बसला. दुपारभर घामाने सदरा पाठीला चिकटला होता, पण मांडी मोडली नाही. सयाडो, आश्रमाचे वृद्ध गुरू, रांगेतून फिरताना त्याच्यापाशी थांबले. "याला म्हणतात विरिय," ते इतरांना म्हणाले. "मनाचा जोर. शरीर ओरडतं, मन जागचं हलत नाही."

खेमासारीने खांबाआडून हे ऐकलं आणि तिचा ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सयाडोंपुढे गेला तेव्हा चेहरा स्वच्छ होता. दाराशी ती चहा घेऊन उभी.

"गेलं, भन्ते. पहाटे एकदम गेलं. दोरी तुटावी तसं."

"उठलेलं दुखणं विझताना तू पाहिलंस," सयाडो म्हणाले. "हे पाहायला माणसं जन्म घालवतात. आता आसन सोडू नकोस."

तिने आईला फोन लावला. आई पलीकडे आनंदाने नुसती रडत होती.

दुपारी त्याला ताप भरला. तिने मंडपात जाऊन, नियम मोडून, त्याच्या पोटाला हात लावला. फळीसारखं कडक.

"चल, डॉक्टरकडे जाऊ."

"नको, ताई." त्याचे ओठ कोरडे पडले होते. "आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी धरलंय. तू तरी सोडायला लावू नकोस."

ती हात धरून ओढू शकली असती. तिने पाण्याचा पेला ठेवला आणि ती परत तांदूळ निवडायला गेली.

तो एका कुशीवर कोसळला तेव्हा त्याला मंडालेला नेलं. वाटेत, इरावतीच्या पुलावर, तो गेला. मंडालेच्या इस्पितळातला तरुण डॉक्टर तिच्याकडे न बघता बोलला. अपेंडिक्स फुटलं की दुखणं काही वेळ थांबतं. लोक फसतात.

सयाडोंनी ते ऐकून डोळे मिटले.

पुढच्या शिबिरात एक बाई गुडघा चोळत खेमासारीला म्हणाली, "सयाले, फार दुखतंय हो. काय करू?" खेमासारीने वाकून तिच्या गुडघ्याला हात लावला, कडक आहे का बघितलं. बाई वाट बघत उभी राहिली, मग आपणच जाऊन बसली.

सो नाइंगला शिबिराला कोणी पाठवलं नव्हतं. तो आपण होऊन आला होता.